तिरका दात

१२ जानेवारी
दात परत आले! दवाखान्यातल्या माणसाने डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आजी म्हणतात, हे माझे दात नव्हेत." उघडून बघते तर खरंच नव्हेत. वरचा एक पुढचा दात मी किंचित तिरका बसवला होता. आजींच्या जुन्या फोटोत तो तसाच आहे, त्यांनी तो फोटो मुद्दाम पाठवला होता. मेणावर लावलेली कवळी आजींनी तोंडात घालून बघितली, पसंतही केली. मग आमच्या पट्टीने ती माझ्या टेबलावरून उचलली, दात सरळ केला आणि पक्की करायला टाकली. मला न विचारता!

पट्टी म्हणजे आमच्या दातांच्या लॅबचा मालक. प्रत्येक कवळीला पट्टी लावून बघतो म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. दात पांढरेशुभ्र आणि एका रेषेत हवेत, मग तोंड कुणाचं का असेना. आणि स्वतःचे पुढचे दोन? एकावर एक चढलेले, गर्दीत रेटारेटी केल्यासारखे! पण ते कोण बोलणार?

१३ जानेवारी
माझ्या देखत पट्टीचा आजींच्या डॉक्टरीणबाईंना फोन — "आमच्या बाईंचा हात हल्ली बिघडलाय हो."

माझा हात!

उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तो दात तुम्ही सरळ केलात." त्याने फोनवर तळवा ठेवला. "बाई, काम करायचंय ना इथे?" शेजारी पॉलिशवाली मैत्रीण खाली मान घालून घासतच राहिली. तिचाही राग आला. मग वाटलं, मी तरी आजवर दुसऱ्या कुणासाठी कधी तोंड उघडलंय?

१४ जानेवारी
सकाळी दात घासतानासुद्धा संताप होत होता. नवऱ्याने विचारलं, "ब्रश मोडायचाय का?"

१८ जानेवारी
आज शांतपणे बोलायचं ठरवून गेले. म्हटलं, माझ्याकडे आलेलं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं असू द्या. मध्ये कुणी हात लावायचा नाही. चुकलं तर मला बोला. आणि पेशंटचा चेहरा एकदा बघू द्या. इतकी वर्षं नुसते प्लास्टरचे साचे बघतेय, ज्याच्यासाठी खपते तो माणूस हसतो कसा हे मला माहीतच नाही.

पट्टी हसला. "आपण साचे बघायचे, बाई. तोंडं डॉक्टर बघतात. उद्या म्हणाल पाटीवर माझं नाव लावा."

"लावा की," म्हटलं. शांतपणे बोलायचं तिथेच संपलं.

१९ जानेवारी
नवरा म्हणतो, "जरा नमतं घे. सगळीकडे असंच असतं." सगळीकडे म्हणजे कुठे रे? तू बघून आलास? जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले. नंतर भूक लागली, त्याचाही राग आला.

२५ जानेवारी
सोडलं!! पुन्हा एक दात सरळ केलेला सापडला. मेण कोरायची माझी सुरी पिशवीत टाकली आणि जिना उतरले. मागून त्याचा आवाज — "आठ दिवसांत परत येतील बघा!"

२ फेब्रुवारी
मागच्या खोलीत टेबल मांडलं. नवऱ्याने न सांगता फळी ठोकून दिली. तिरकी लागली. काढायला निघाला, म्हटलं राहू दे.

९ फेब्रुवारी
काम नाही. डॉक्टर मंडळींचं सगळ्यांचं एकच — "हो हो, कळवतो." मैत्रिणीने फोन करून खरं सांगितलं. पट्टीने एकेकाला गाठून सांगितलंय, बाईंचा हात गेला. दवाखान्यांच्या जिन्यांवर फिरून माझेच पाय गेले! रिकाम्या टेबलाला रोज फडकं मारते. भीती वाटते. परत त्या खोलीत मान खाली घालून शिरावं लागलं तर? त्यापेक्षा भांडी घासीन.

१५ फेब्रुवारी
बेल वाजली. दारात एक बाई, तोंड पदराआड. "तिरका दात तुम्हीच लावला होता ना? डॉक्टरीणबाई नको म्हणत होत्या. मी हट्टाने पत्ता काढला."

आजी!

समोर बसवलं. बोलतं केलं, हसवलं. हसताना ओठ एका बाजूला जास्त उचलला जातो — साच्यात हे कुठून दिसणार? तिथेच बसून मेणात दात लावले. आरशात बघून आजी म्हणाल्या, "आल्ये गं बाई, परत आल्ये." मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. इतकी वर्षं ह्यापासून मला लांब ठेवलं त्या माणसाने! रडतानाही त्याला शिव्याच घालत होते.

२१ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी आजींची कवळी तपासली. छान आहे म्हणाल्या. पण नवीन काम? "बघू." तुमचे मालक असं का बोलतील उगाच, म्हणे. आता ह्यांना काय छाती फाडून दाखवू?

२४ फेब्रुवारी
मैत्रिणीचा फोन. पट्टी जिन्यावरून पडला, पुढचे दोन्ही दात गेले. लॅबमध्येच नवे करून घेतले. सरळ, पांढरेशुभ्र. हसले. मग लाज वाटली. मग परत हसले.

२८ फेब्रुवारी
पट्टी आला होता. तोंडावर रुमाल. नवे दात काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि खाली बघत म्हणाला, "नात जवळ येत नाही हो. माझे होते तशे करून द्या."

खुर्ची पुढे केली. फोनही पुढे केला. "आधी डॉक्टरीणबाईंना सांगा, आजींचा दात कोणी सरळ केला."

रुमाल खिशात टाकला. मग लावला फोन. बोबडा बोलला, पण सगळं बोलला.

मग म्हटलं, "हं. आता हसून दाखवा."