पाण्याला न लावायची गोधडी

सातारा, दि. १२ जानेवारी १९७५

चि. सौ. मृदुला हिस अरुंधतीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत तिळगूळ धाडला आहे. तो आधी खा आणि मग पुढचं वाच, कारण पुढचं गोड नाही.

आई गेल्यावर तिची जुनी लुगडी मी तुझ्याकडे दोनदा मागितली. दोन्ही वेळा तू मला चिंचवडची हवा कळवलीस. आता माझ्या बेबीला आठवा लागला आहे. आपल्या घरात पहिल्या बाळाला आजी-पणजीच्या लुगड्यांचीच गोधडी लागते, हे तुला मी शिकवायला नको. आणि श्यामरावांच्या पत्रातून कळतं काय, तर तू ती लुगडी कापलीस, रंगवलीस, आणि त्यांची गोधडी शिवून पुण्याच्या प्रदर्शनात भिंतीला टांगणार आहेस! तुझ्या नवऱ्याने कौतुकाने वर्णनही केलं आहे. जांभळी डबकी, पिवळे ओघळ, मधूनच तांबूस ठिपके, आणि अर्थ म्हणे विचारायचा नाही. अगं, आईच्या लुगड्यांवर डबकी? लाज कशी वाटली नाही तुला?

आई शेवटची दोन वर्षं तुझ्याकडे राहिली म्हणून ती तुझ्या एकटीची झाली नाही. दर दिवाळीला मी यायचे तेव्हा स्वच्छ लुगडं नेसून तक्क्याला टेकून बसलेली असायची. तीच माझ्या डोळ्यांपुढे आहे. उरलं असेल ते पाठवून दे.

लोभ वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या पार्सलावर आहे.

अरुंधती

*

चिंचवड, दि. १७ जानेवारी १९७५

ती. सौ. ताईस मृदुलाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. खवट होता. पत्रही त्याच डब्यातलं दिसलं.

लुगडी मिळणार नाहीत. इतकी वर्षं मी शाळेत मुलींकडून रुमालावर पानंफुलं काढून घेते आहे. पहिल्यांदाच कोणी माझं स्वतःचं काही मागितलं आहे. पुढच्या महिन्यात पुण्याला ही गोधडी लागणार म्हणजे लागणार. घरातल्या बायका ठिगळं जोडतात त्याला कोणी चित्र म्हणत नाही, हे मला माहीत आहे. तू तर नाहीच म्हणणार.

रंग शफीभाईंनी दिले. शेजारच्या सुरय्याचे ते यजमान, स्टेशनजवळ त्यांचं रंगाऱ्याचं दुकान आहे. त्यांनी बजावलं होतं की कुंचल्याने लावायचा हा रंग कच्चा आहे, पाण्याला लावाल तर हाती काही राहणार नाही. मी म्हटलं, चित्राला कोण धुतं?

राहिली तुझी डबकी. ती मी मनाने काढलेली नाहीत. जिथे होती तिथेच आहेत. लुगडी कुठे आहेत हे तू तीनदा विचारलंस. का रंगवलीस, हे एकदाही विचारलं नाहीस. बेबीच्या बाळाला बाजारात हवी तेवढी दुपटी मिळतील. दिवाळीच्या दिवाळी येणाऱ्यांनी हक्क सांगू नये.

बेबीला जपा. तिच्यावर माझा राग नाही.

मृदुला

*

चिंचवड, दि. २ फेब्रुवारी १९७५

ताई,

आज मायना लिहायची इच्छा नाही.

काल मी शाळेत होते आणि हे पहिल्या शिफ्टला. भावोजी आले, सुरय्याकडून किल्ली मागून घेतली, बाईंनीच न्यायला सांगितलंय असं तिला म्हणाले आणि गोधडी वळकटी करून घेऊन गेले. एवढा मोठा ऑफिसातला माणूस खोटं कशाला बोलेल, असं म्हणून बिचारी सुरय्या कालपासून रडते आहे. तिची मी समजूत घालू की भावोजींच्या नावाने बोटं मोडू? तुझ्या सांगण्याशिवाय ते चहाचा कपही उचलत नाहीत. याला चोरी म्हणतात, ताई.

पंधरा तारखेला ती मला पुण्याला द्यायची आहे. मिळेल त्या एस.टी.ने परत पाठव. आणि एवढंच ऐक, तिला पाणी लावू नकोस. माझ्यासाठी नको ऐकूस, तुझ्याच भल्यासाठी सांगते आहे.

मृदुला

*

सातारा, दि. ७ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. मृदुला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा गोधडी दोरीवर वाळत होती. अजाणता धुतली असं समजू नकोस. रंग कच्चा आहे हे तूच लिहिलं होतंस. म्हणूनच बंबातलं कढत पाणी घेतलं, धुण्याचा सोडा घातला आणि घंगाळात भिजवून काठीने ढवळत बसले. तुझं चित्र मोरीतून वाहून गेलं आणि खालून आईच्या लुगड्यांचे काठ वर आले, तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

मग उन्हात धरली. जिथे तुझं जांभळं डबकं होतं तिथे खाली औषधाचा जांभळा डाग. पिवळ्या ओघळाखाली पिवळाच ओघळ. ठिपक्यांखाली ठिपके. पुन्हा सोडा घातला, पुन्हा उकळली. काही गेलं नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून गेल्या. पाठीला जखमा होऊन वाहायला लागल्या की कापडावर काय उमटतं, ते मी ओळखते.

दर दिवाळीला तू मला धुऊन-पुसून, नेसवून बसवलेली आई दाखवलीस. मी तिच्या पाठीला हात लावला नाही आणि तू लावू दिला नाहीस. एका कार्डाने कळवायचं होतंस. मी येणार नाही, हे तू कोणाला विचारून ठरवलंस? याबद्दल मी तुला कधी क्षमा करणार नाही. पुण्याच्या प्रदर्शनाबद्दल तूही मला करू नकोस.

बेबीसाठी बाजारातून दुपटी आणली. ही गोधडी तिच्या बाळाला घालायची नाही. तुलाही परत मिळणार नाही. साताऱ्याची थंडी अजून सरलेली नाही. गोधडी मी पाठीखाली घालून झोपते.

तुझी,
ताई