वरच्या खोलीतली हवा

पुन्ता अरेनास, ३० मे १९८८

चि. नोएमीस,
गारठलेल्या बापाचे अनेक आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं कार्ड पोचलं. चार तर चार, पोचलं हे नशीब.

इथे देशाच्या दक्षिण टोकाला हिवाळा लागला, वारा पिसाळलाय. त्यात तुझी खोली ऊबदार ठेवणारा गरम पाण्याचा रेडिएटर रुसलाय. खालून कढत, वरून गार, आणि आत सारखी गुडगुड. हवा अडकली असणार. जन्मभर गावाचे रेडिएटर दुरुस्त केले, पण आता डोकं चालत नाही गं. लहानपणी तू डबा धरायला माझ्यामागे असायचीस, तुला आठवत असेल. सविस्तर लिही. तुझी आई गेल्यापासून त्या खोलीत कुणी झोपत नाही, तरी ती गार पडलेली मला बघवत नाही.

पत्राची वाट पाहणारा,
बाबा

आन्तोफागास्ता, ७ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अहो, तुम्ही आणि विसरलात? वाचून जीव खालीवर झाला. बरं, ऐका. बॉयलर आणि पंप बंद करा, पाणी निवू द्या. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा, माझी खोली सगळ्यात शेवटी. रेडिएटरच्या हवेच्या झडपेत किल्ली घालून हळूच पाव फेरा फिरवा, खाली डबा धरा. फुस्स थांबून पाणी आलं की लगेच बंद. मग रेडिएटरना पाणी पुरवणारी माळ्यावरची टाकी भरलेली आहे ना बघा. शिडीवर एकटे चढाल तर बघा हं!

इथे वाळवंटात रेडिएटर कुणी पाहिलेलाही नाही. मला मात्र ते फुस्स फार आठवतं. जुलैच्या सुट्टीत यायचं मनात होतं, पण आमच्या शाळेला सुट्टी लागली की नेल्सनच्या आईकडे जायचं ठरतंय. रागावू नका.

लोभ आहेच, तो गार पडू देऊ नका.
तुमची नोएमी

पुन्ता अरेनास, १४ जून

चि. नोएमीस आशीर्वाद.

केवढं मोठं पत्र! दिवसभर खिशात घेऊन फिरलो. सांगितलंस तसं केलं. दोन दिवस बरं होतं, मग पुन्हा हवा भरली. टाकी काठोकाठ आहे, गळती कुठेच नाही. आता काय करू?

सासूबाईंकडे जरूर जा हो. त्या माणसांत राहतात, त्यांना सोबत हवीच. माझं काय, मला बॉयलर आहे.

उत्तर लवकर आणि लांबलचक लिही.
बाबा

आन्तोफागास्ता, २१ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मागचं सगळं विसरा. इथे एक हुशार मिस्त्री भेटला. तो म्हणतो, पंप चालूच ठेवायचा, आणि आधी वरच्या खोलीतली हवा काढून मग खाली यायचं. जुन्या लोकांना यातलं काही कळत नाही, असंही म्हणाला.

तुमची नोएमी

पुन्ता अरेनास, २७ जून

नोएमी,

कोण हा गाढव? पंप चालू ठेवला तर हवा बाहेर येते की आणखी आत ओढली जाते? हवा वर चढते म्हणून खालून वर जायचं, हे मी तुला तू सहा वर्षांची असताना शिकवलं होतं! जुने लोक म्हणे! त्याला म्हणावं, इथे ये, एक हिवाळा काढ आणि मग बोल. त्याच्या हातात किल्लीसुद्धा देऊ नकोस.

बाबा

आन्तोफागास्ता, ४ जुलै

ती. बाबांस सा. न. वि. वि.

असा मिस्त्री कुणी नाही. मीच तो गाढव. तुम्ही खरंच विसरलात का, ते बघायचं होतं.

टाकी काठोकाठ, गळती नाही आणि तरी हवा भरते, हे कसं, सांगा बघू? टाकीखालचा नळ बंद करून कुणीतरी रेडिएटरमधलं पाणी मुद्दाम सोडून देतंय, म्हणून. पत्रासाठी एवढी खटपट, बाबा? येऊन जा म्हणाला असतात तर! वाचून रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. नेल्सनने सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी बापाकडे जा.

सोळा तारखेच्या विमानाने येते.
तुमची लबाडी पुरती ओळखून असलेली,
नोएमी

पुन्ता अरेनास, ११ जुलै

चि. नोएमीस अनेक आशीर्वाद.

हे पोचेपर्यंत तू निघालेली असशील. तरी लिहितोय, सवय लागली. ये म्हणायला जीभ रेटली नाही गं. तू नाही म्हणाली असतीस तर मग कशाची वाट बघायची?

नळ उघडलाय. घरभरची हवा काढली, फक्त तुझ्या खोलीतली ठेवलीय. किल्ली खिळ्याला लटकवलीय. तू फिरव. या वेळी डबा मी धरतो.

बाबा