कोरा समास

सर,

तुमचं तांबड्या पुठ्ठ्याचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे, इंग्रजी निबंध कसा लिहावा ते शिकवणारं. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. मी आता तळेगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि वाईट शिकवतो. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मीच सांगतोय.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी तुम्ही माझा निबंध परत दिलात, तो दिवस आठवतो. खाडाखोड दिसेल म्हणून मी धास्तावलो होतो. तुम्ही एकही शब्द खोडला नव्हता. समासात नुसते आकडे होते: सत्तावीस, एकोणीस, पुन्हा सत्तावीस. प्रत्येक आकडा म्हणजे त्या पुस्तकातलं एक कलम. "कलम उघड, वाच, आणि तुझं वाक्य तूच दुरुस्त कर," तुम्ही म्हणालात. "मी दुरुस्त केलं तर ते माझं होईल." माझ्याकडे पुस्तक नाही म्हटल्यावर तुम्ही आपलंच देऊन टाकलंत. शेवटच्या कोऱ्या पानांवर आपल्या चुकांची यादी ठेवायची, असं वर बजावलंत.

सुट्टीत ते गावी, कार्ल्याला घेऊन गेलो. आबांनी, माझ्या वडिलांनी, हात धुऊन ते घेतलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. "कालिजाची पोथी हाय ही. रोज पारायन कर. मदी खंड पाडू नगं." आणि मी खरंच केलं! अंघोळ करून, पाटावर बसून, पहिल्या कलमापासून शेवटापर्यंत, नमुन्याच्या पत्रांसकट. आबा खाचरातून यायचे ते चिखलाच्या पायांनी उंबऱ्यापाशीच ऐकत बसायचे. अक्षर कळत नव्हतं, पण मान डोलवायचे. तीन पारायणं झाली. पुस्तक तोंडपाठ झालं आणि चुकांच्या यादीची पानं कोरीच राहिली.

हे मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, तर तुम्ही भर वर्गात चिडलात. "अरे गाढवा, ही पोथी नव्हे! आधी लिही, अडखळ, मग उघड. पडल्याशिवाय कुठं लागलं ते कळणार कसं?" वर्ग हसला आणि मला तुमचा राग आला. आता स्वतःचा येतो, पण वरातीमागून घोडं.

पुढे तुमची छाती बिघडली आणि हवेसाठी तुम्ही लोणावळ्याला आलात, तुंगार्लीत भाड्याचं घर घेऊन. मी दर आठवड्याला पुण्याहून इंग्रजीत पत्र लिहायचो, तुम्ही समासात आकडे घालून परत पाठवायचात. आकडे कमी होत चालले होते. सत्तावीस तर दिवाळीनंतर आलाच नाही. खरंच सुधारत होतो मी, सर. तेवढेच चार महिने.

मग तुमच्या घरून काकूंचं कार्ड आलं, तुमच्या खोकल्यातून रक्त पडतंय म्हणून. तुम्ही आता यातून उठत नाही हे मला कळत होतं, आणि ते न बोलता काय लिहायचं ते कळत नव्हतं. दोन दिवस कागद घेऊन बसलो. शेवटी पुस्तक उघडलं. 'आजारी मित्रास' असा एक नमुना होता त्यात, अगदी सुरेख. तो अथपासून इतिपर्यंत उतरवला. फक्त मित्र काढून तिथं तुम्हाला घातलं.

चार दिवसांनी पत्र परत आलं. समास कोरा. एकही आकडा नाही! मी वसतिगृहात पेढे वाटले. साहेबाच्या भाषेत माझी एकसुद्धा चूक निघाली नाही, असं आबांना कळवलं. रविवारी पेढ्यांची पुडी घेऊन तुंगार्लीला आलो, तोवर तुम्हाला जाऊन तीन दिवस झाले होते. काकू म्हणाल्या, "तुझं पत्र वाचलं रे त्यांनी. पेन्सिल मागून घेतली, मग तशीच खाली ठेवली. म्हणाले, यात त्याचं काहीच नाही, मी चूक कुणाची दाखवू?" पुडी माझ्या खिशातच होती. स्टेशनच्या बाकावर ती ठेवून मी गाडीत बसलो.

आबांना हे कधी सांगितलं नाही. मरेपर्यंत ते गावभर सांगत होते, "आमच्या पोराची येक बी चूक न्हाई निगाली." आणि आता मी मुलांकडून नमुनेच पाठ करून घेतो. मुलं पास होतात, हेडमास्तर खूश असतात. कुणी आपल्या मनाचं वाक्य लिहिलं तर मी ते खोडतो आणि वर नमुन्यातलं घालतो. आकडे घालायला वेळ कुठं मिळतो, असं म्हणतो, पण ते खोटं आहे. आकडा घालायचा तर आधी समोरच्याचं वाक्य मन लावून वाचावं लागतं, आणि तेवढं माझ्यात आता उरलेलं नाही. यातून काही सुधारेल असंही वाटत नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? समास मात्र सोडलाय, सवयीनं. आणि एक सांगून टाकतो. लिहायला बसण्याआधी मी तुमचं पुस्तक उघडलं होतं. मित्रास, वडिलांस, अधिकाऱ्यास, आजाऱ्यास, सगळ्यांना पत्रं आहेत त्यात. गेलेल्या माणसाला नाही. असतं, तर तेच उतरवलं असतं.