काढून ठेवलेलं दार

प्रिय दादा,

पाळकसाहेब म्हणत नाही, कारण हे पत्र भावाला आहे. आणि ते पाठवणारही नाही. पाठवलं, तर पुढच्या उपासनेत नाव न घेता माझाच दाखला देशील.

रविवारी उपासना संपली की सगळे आपापल्या माणसांबरोबर घरी जातात. मी खोलीवर येतो, कडी लावतो आणि फोनवर ते घाणेरडे व्हिडिओ बघत बसतो. मग रडून प्रभूची क्षमा मागतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तू म्हणालास, प्रार्थना कर. केली रे! पण आमेन म्हणून हात सुटले की ते फोनकडेच जातात.

शेवटी सुताराला सुचेल ते केलं. बिजागऱ्या खोलल्या आणि खोलीचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. घरमालकीणबाईंना सांगितलं, खालून घासतंय, तासायचंय. प्रभूही सुताराच्याच घरचा, त्याला ही थाप कळली असेल.

या रविवारी फोन हातात घेतलाच होता. जिन्यावरून जाता जाता बाई थांबल्या. "जेवलास का रे?"

"नाही अजून."

"मग ये की खाली. मी तरी एकटीच बसणार."

फोन खाटेवर टाकून गेलो. दार अजून तसंच टेकलेलं आहे.

दादा, दर वेळी तू विचारतोस, "मोहाला आवरतोस ना?" जेवलास का, हे एकदाही विचारलं नाहीस.

तुझा,
धाकटा