तिसऱ्या उडीनंतरची खूण

सर, तुम्ही हे जग सोडून गेलात त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले त्याला त्याहूनही दोन-अडीच वर्षं जास्त. मी आता तुमच्याच कामाला लागले आहे. मुलींना खेळ शिकवते, गळ्यात शिट्टी असते आणि पोरी माझ्या मागून माझ्या चालण्याची नक्कल करतात, जशी आम्ही तुमची करायचो. हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्न नाही, म्हणून आडवळणं न घेता लिहिते. आपल्या खो-खोच्या संघातल्या लाखांदूरवालीचा गुडघा कायमचा गेला, त्याचा दोष गावानं तुमच्या माथी मारला आणि तुम्ही तो मुकाट्यानं घेतलात. दोष माझा होता. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर मन हलकं वगैरे काही झालेलं नाही.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा मुलींचा खो-खो म्हणजे पंधरा ऑगस्टला परकर खोचून चार चकरा धावणं, एवढंच होतं. पहिल्याच शनिवारी तुम्ही आम्हाला खेळूच दिलं नाही. शाळेच्या ओट्याखाली चाळलेली राख पसरलीत, आणि म्हणालात, एकेकीनं ओट्यावरून उडी मारायची, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. तीन-तीन वेळा. आम्ही उड्या मारत होतो आणि तुम्ही समोर उभे राहून आमचे गुडघे पाहत होता, मग वाकून राखेतली पावलं. आमच्यातली एक जण, जिला गप्प बसणं कधी जमलंच नाही, म्हणाली, "सर, आमी का बैल हावो का?" सगळ्या खिदळलो. तुम्ही रागावला नाहीत. "माहा बाप बैलाचा दलाल होता, पोरी," तुम्ही म्हणालात. "सानगडीच्या बाजारात उभा बैल पाहून कोणी घेत नाही. पहिले चालवते, मंग ओल्या जागेवर गर्रकन वळवते, मांगून खुराचा ठसा पाहते. पुढं कोणता पाय धोका देणार हाय, थे जनावर आजच सांगून राहिलं असते. माणूस तसाच. फक्त माणसाचं कोणी पाहत नाही." तुमचा स्वतःचा डावा गुडघा वाकत नव्हता. खुर्चीवर बसलात की तो पाय पुढे लांब काठीसारखा राहायचा. तरुणपणी कबड्डीत गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

तुमचा नियम सोपा होता. उडीनंतर गुडघा पावलाच्या रेषेत राहिला तर वहीत नावापुढे लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण. आत पडला तर फुली, आणि फुली असलेली पोरगी खेळणार नाही, मग ती कोणाची का असेना. हेडमास्तरांच्या पुतणीला महिनाभर बसवून ठेवलंत तेव्हा सगळी शाळा तुमच्याकडे तुम्हाला वेड लागल्यासारखं पाहत होती. मी कप्तान, शहाणपण उतू जायचं माझं. मी म्हटलं होतं, "सर, आमच्या पोरी दिसभर बांधीत वाकून रोवणा करते. त्यायचे पाय पक्के हाय." तुम्ही म्हणालात, "बांधीत वाकणं येगळं न् वरून पडणं येगळं." मला ते पटलं नाही. आमच्या भागात कोणालाच पटलं नसतं. जी पोरगी धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, संध्याकाळपर्यंत मागे मागे सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावते, तिच्या पायात काही कमी असेल असं आमच्या घरांत कोणी मानत नाही. काम होतंय म्हणजे अंग धड आहे, हीच आमची तपासणी.

लाखांदूरवाली तुमच्या दुसऱ्या वर्षी लाखांदूरहून मामाकडे शिकायला आली, म्हणून तिचं ते नाव. ती आमच्यात सगळ्यात चपळ. खांबाला हात घालून ती वळायची तेव्हा समोरच्या पोरींना ती कोणत्या बाजूला गेली ते कळायचं नाही. आणि नेमका तिचाच उजवा गुडघा आत पडायचा. तुम्ही तिला फुली दिलीत, पण हाकलून दिलं नाहीत. पावसाळाभर रोज शाळा सुटल्यावर तिला ओट्याच्या पायरीवर एका पायानं सावकाश उतरायला लावायचात, गुडघा बोटांच्या वर ठेवून, घाई न करता. ती कंटाळायची, तोंड वाकडं करायची, आणि करायची. दिवाळीपर्यंत तिचा गुडघा सरळ आला. तिच्या नावापुढे पहिल्यांदा बरोबरची खूण झाली तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात की हे पक्कं नाही, थकली की पुन्हा आत जाईल, लक्ष ठेव. मी मान हलवली.

मग धान कापणीला आलं. आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. भंडाऱ्याचे सामने दहा दिवसांवर आलेले, आणि तिच्या मामानं तिला शाळा बुडवून भारे वाहायला लावलं. आठ दिवस ती डोक्यावर धानाचे भारे घेऊन बांधीपासून खळ्यापर्यंत चालत होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला साकोलीला बैठकीला जावं लागलं. आमची बस दुसऱ्या दिवशी सकाळचीच होती. तुम्ही वही माझ्या हातात दिलीत. "तू पाह्य. तुले दिसते," म्हणालात. तुमच्यासारखं पाहता येणारी त्या शाळेत मी एकटीच होते, हे तुम्हाला माहीत होतं, आणि मलाही. त्या गोष्टीचा मला केवढा ताठा होता ते आता आठवलं तरी लाज वाटते.

मी राख पसरते आहे. थंडीनं बोटं वाकत नाहीत. एकेक पोरगी उडी मारते, मी तुमच्यासारखी समोर उभी राहते, वाकून ठसे पाहते, खूण करते. शेवटी लाखांदूरवाली येते. पहिल्या उडीला गुडघा आत जातो. मी म्हणते, पुन्हा. दुसऱ्या उडीला पुन्हा आत. तिसऱ्या उडीनंतर मी राखेत पाहते. अंगठ्याखालचा भाग खोल गेलेला, बाहेरची कड जेमतेम उमटलेली, म्हणजे गुडघा तिसऱ्यांदाही आतच. ती गुडघ्यावर हात ठेवून उभी आहे, माझ्याकडे पाहते आहे. "कसा हाय वो माहा पाय?" ती विचारते. "बरोबर हाय," मी म्हणते. आणि लाल पेन्सिलीनं खूण करते. चुकून नाही, सर. आदल्या वर्षी भंडाऱ्याच्या पोरींनी आम्हाला धुतलं होतं, मला ढाल माझ्या हातात हवी होती, आणि लाखांदूरवालीशिवाय ती येणार नव्हती. मनाला मी समजावलं की जी आठ दिवस भारे वाहते तिला एका उडीनं काय होतंय. भाऱ्यांनीच तो पाय थकून रिकामा झाला होता, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

भंडाऱ्याला, दुसऱ्या डावात ती खांबाला वळली. पाय जमिनीत होता तसाच राहिला आणि बाकीचं अंग फिरलं. आवाज मी ऐकला. प्रेक्षकांत टाळ्या चालू होत्या, कारण ती पुन्हा निसटली असंच सगळ्यांना वाटलं. तुम्ही मात्र शिट्टीआधीच धावत सुटला होता, तो न वाकणारा पाय ओढत. असं धावताना मी तुम्हाला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेतलंत आणि ती तुम्हालाच म्हणत होती, "सर, माहा पाय त बरोबर होता ना?" तुम्ही तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलात. मी चार हातांवर उभी होते आणि मला पहिली आठवण झाली ती वहीची.

हाड बसवणाऱ्यानं हळदीचा लेप लावून कामट्या बांधल्या, दवाखान्यात पट्टी झाली, सूज उतरली, पण गुडघा जागेवर राहीना. चालता चालता निसटायचा. तिचा मामा चार माणसं घेऊन शाळेत आला. "मास्तर, पोरीले नाचवून नाचवून पांगळी केली तुमी," तो ओरडत होता, "आता तिले कोण करून नेईन? तुमी नेता का?" हेडमास्तरांनी वही मागवली. मला साक्षीला उभं केलेलं. वही उघडली, तुम्ही त्या पानाकडे पाहिलंत. तुमची खूण आखूड असायची, माझी लांब शेपटीची. आंधळ्यालाही कळलं असतं. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "तपासणी माहीच होती. मले दिसलं नाही." बाहेर ओट्यावर आल्यावर तुम्ही मला हळूच विचारलंत, "किती उड्या घेतल्या?" मी म्हटलं, तीन. "न् तिन्ही खेपेले?" मी तुमच्या डोळ्यांकडे पाहून म्हटलं, "सरळ होता, सर." तुम्ही म्हणालात, "बरं." रागावला असतात, थोबाडीत मारली असतीत, तर मी तिथेच पाय धरले असते. त्या "बरं"नं मला पळवाट दिली आणि मी पळाले.

मुलींचा खेळ बंद झाला. जूनमध्ये तुमची बदली झाली, पार दुसऱ्या टोकाला. त्याच पावसाळ्यात लाखांदूरवाली रोवण्याला गेली आणि बांधीत गुडघा निसटून चिखलात तोंडावर पडली. बायांनी उचलून बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा पडली, मग तिला नेणं बंद झालं. चिखला गावाचं एक स्थळ आलं. मुलगा खाणीत कामाला, कंपनीची खोली मिळालेली. मी पोह्यांच्या ताटल्या द्यायला त्यांच्याकडे गेले होते. मुलाची आत्या म्हणाली, "बाई, जरा आंगणात चालून दाखव." ती चालली. तुळशीपर्यंत नीट गेली. मग वळली. त्या बाईनं फक्त तेवढं वळणं पाहिलं आणि पोहे खाली ठेवले. पुढच्या वर्षी तिला आमच्याच गावातल्या एका बिजवराला दिली, दोन लेकरं आधीची. तुमच्या जाण्याची बातमी मला लाखांदूरच्या एसटीत कळली, मागच्या बाकावरच्या माणसांच्या बोलण्यातून. साकोलीला उतरून मी तशीच स्टँडवर बसून राहिले. मला रडू आलं ते तुमच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, की आता विचारणारं कोणी नाही.

नागपूरला खेळाचं शिक्षण घेताना आमच्या प्राध्यापकांनी लाकडी खोक्यावरून उडी मारायला लावून गुडघे पाहायला शिकवलं. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी उतरवलं नाही. आता गावातल्याच माझ्या शाळेत मी एकाही पोरीला तपासल्याशिवाय मैदानात सोडत नाही. पालक भांडतात, शिक्षक हसतात. मी कोणाच्या सांगण्यावरून एकही फुली मागे घेतलेली नाही. लोक म्हणतात बाई फार कडक आहे. कडक कसली, सर, घाबरलेली आहे.

गेल्या सोमवारी लाखांदूरवाली शाळेत आली. तळ्याच्या पाळीवरून, एक पाय टाकत, दुसरा फेकत. सोबत तिची पोरगी, सहावीतली. "इले खेळायचं हाय," ती म्हणाली, "पण तुह्या हातानं तपास, मंगच सोड. त्या सरले दिसलं नोहोतं. तुले दिसते." मी राख पसरली. पोरीनं तीन उड्या मारल्या. आईचाच पाय घेऊन आली आहे ती. मी फुली केली, आणि पायरीवरून उतरण्याचा व्यायाम समजावून सांगितला, घाई न करता, गुडघा बोटांच्या वर. लाखांदूरवाली राखेजवळ जाऊन उभी राहिली. बराच वेळ ठशाकडे पाहून म्हणाली, "माहा बी असाच होता का वो?" तिनं रागानं नाही विचारलं. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. आणि मी म्हटलं, "तवा कोणाले काय समजत होतं बाई." म्हणजे तुमच्या नजरेला मी दुसऱ्यांदा बट्टा लावला, तुम्ही या जगात नसताना.

त्या रात्रीपासून नाही, त्या क्षणापासून मी हे पत्र मनात लिहिते आहे. तुमची माफी मागायची म्हणून बसले होते. पण तुम्हाला त्या दिवशी वही उघडल्याबरोबरच सगळं कळलं होतं, तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलेलं नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही. लाखांदूरवालीचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि ती नववीपर्यंत शिकलेली आहे, सर. तिला वाचता येतं.