गुप्त हाताचं घराणं

३ मार्च, सकाळ

सूनबाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिला औषध कंपनीनं ही डायरी फुकट दिली. दर पानावर हसणारी दाढ. म्हणाली, आई, तुम्ही दिवसभर जे बोलता ते यात लिहा, माझ्या कानांना तेवढाच आराम. मी चौथीत शाळा सोडली, पण अक्षर मोत्यासारखं आहे. लिहीन. रोज लिहीन. कुणी वाचायचं नाही.

आज विषयही मिळाला. समोरच्या गल्लीत जाळीवाल्यानं क्लास उघडला. निंजाचा. खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवणारा माणूस, तो आता म्हणे निंजा. तोंडाला काळं फडकं बांधतो. बांधू दे, बघणाऱ्यांचे डोळे तरी वाचतील.

निंजा म्हणजे जपानचे जुने हेर. भिंतीवरून सरसर, पावलांचा आवाज नाही. ती विद्या खरी फक्त आमच्या घरात. हे मिलमध्ये वॉचमन होते. मशिनी बसवायला जपानहून एक इंजिनिअर आला होता. रोज सकाळी मिलच्या मागच्या अंगणात एकटाच हातपाय हलवायचा. हे त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि शिकले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. गुप्त विद्या अशीच देतात, न बोलता. एकदा त्यानं तीन बोटं दोनदा दाखवली. म्हणजे त्याच्या घराण्यात तेहतीस पिढ्या झाल्या, हे ह्यांनी लगेच ओळखलं. कँटीनवाला म्हणायचा, तो तीन चहा मागत होता आणि वॉचमनला कळलं नाही म्हणून पुन्हा दाखवली. कँटीनवाल्याची अक्कल किटलीएवढी.

तर इंजिनिअर तेहतीस, हे चौतीस, आणि आधीपासून क्लास चालवणारा माझा लेक पस्तीस. जाळीवाला शून्य.

५ मार्च

शून्य नाही म्हणतो तो. त्यानंही पाटीवर पस्तिसावी पिढी लिहिलंय. आणि गल्लीभर सांगतोय की काकांनी मला गच्चीवर शिकवलं, वर्षभर, तेव्हा त्यांचा मुलगा पांघरूण घेऊन झोपलेला असायचा.

आमच्या घरी जाळ्या बसवायला आला होता, खरं आहे. चार खिडक्यांना वर्ष लागलं, तेही खरं आहे. मला वाटायचं कारागीर मंद आहे. लेक झोपायचा, पण वाढत्या वयाचं मूल झोपणारच. झोपेतसुद्धा रक्तातून विद्या येते.

खरं कोण ते ओळखायची खूण आहे, गुप्त हात. दर दोन हालचालींच्या मधे डावा हात झटकन कमरेला जातो आणि परत. लेक शिकवतो की तिथे लपवलेलं पातं असतं. जाळीवाला शिकवतो की तिथे बेंबीपाशी श्वासाला कुलूप लागतं. बेंबीला कुलूप. चावी कुठे ठेवतो, विचारायला हवं. ह्यांचा हात तर सतत कमरेला जायचा. चहा गाळताना, पाहुण्यांना दार उघडताना, एकदा बँकेच्या रांगेत. माणूस चोवीस तास सावध होता.

मीही पाऊल न वाजवता चालायचा सराव सुरू केलाय. वयाच्या मानानं फार लवकर जमलं. आता माझी पावलं मलासुद्धा ऐकू येत नाहीत. घरातली माणसं टीव्हीपण हल्ली किती हळू लावतात.

ठराव: या भांडणाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही.

५ मार्च, संध्याकाळ

इस्त्रीवाल्याला सांगितलं. तो बाहेरचा नाही, रोज येतो. दूधवाल्याला त्यानंच सांगितलं असेल.

९ मार्च, सायंकाळी ६

हेरगिरी केली. राखाडी शाल घेतली, भिंतीचा रंग तसाच आहे. जाळीवाल्याच्या क्लासच्या खिडकीखाली तासभर उभी राहिले, कुणाला पत्ता नाही. थोड्या वेळानं आतून एक विद्यार्थिनी आली आणि माझ्याशेजारी खुर्ची ठेवून गेली. बहुतेक उन्हात वाळवायला. मी बसले.

आत सतरंजीवर आपटतात. सतरंजीवर. आमच्या लेकाचा क्लास माझ्या धाकट्या भावाच्या गादीच्या दुकानावर आहे. नाकारलेल्या गाद्या पसरलेल्या असतात, माणूस कितीही वेळा पडला तरी उठायची इच्छा होत नाही. याला म्हणतात दर्जा.

पण गुप्त हात मात्र त्यांचाही तंतोतंत. तो चोरून शिकलाय, याला आणखी काय पुरावा हवा.

१० मार्च

जाळीवाल्यानं लेकाला फोन केला. काकूंना सांगा, आत येऊन बसत जा, खिडकीत वारा लागतो. लेकाचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, बघ, घाबरला. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही गल्लीच्या तोंडाशी होता तेव्हाच त्यांनी खुर्ची पुसून ठेवली होती. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. दवाखान्यात उघड्या तोंडानं पडलेली माणसं वाटेल ते बोलतात.

१४ मार्च

भाऊ घरी आला. आला की आधी सोफा दाबून बघतो, धंद्याची सवय. म्हणाला, ताई, वाईट वाटून घेऊ नकोस, पण वरचा हॉल मला हवाय. फोमचा माल येतोय, ठेवायला जागा नाही. भाच्याच्या क्लासमधली अर्धी मुलं समोर गेली. मी म्हटलं, ती कचऱ्यासारखी गेली, सोनं राहिलं. तो म्हणाला, सोनं किती आहे, सातजण.

लेक मान खाली घालून बसला होता. चौदा वर्षं मामाच्या दुकानात गाद्या उचलल्या त्यानं. वर क्लास सुरू केला त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा ताठ उभं राहिलेलं पाहिलं. खाली परत गेला तर पुन्हा वाकेल.

मग त्यानंच सांगितलं, महिनाअखेर निंजा महासंघाच्या एक बाई जपानहून येणार आहेत. वस्तीत एकाच क्लासला मान्यतेची पाटी देतात. दोघांचंही काम बघतील आणि खरं घराणं कुठलं ते सांगतील. भाऊ म्हणाला, पाटी मिळाली तर हॉल तुझा, फोम मी माझ्या बेडरूममध्ये ठेवीन. नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी माल वर.

मला तर झोपच येईना आनंदानं. पाटी आमचीच. फक्त खिळा कुठे मारायचा ते ठरवायचंय.

१८ मार्च

पाटी रंगवणाऱ्याला गाठलं. म्हटलं, आमची पस्तिसावी पिढी खोडून पन्नासावी कर, म्हणजे समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. त्यानं केली. मुळात पंधरा पिढ्या इकडेतिकडे कोण मोजतंय.

लेक आला तो डोक्याला हात लावूनच. म्हणाला, आई, आकडा जितका लहान तितकं मूळ जवळ. तू आपल्याला लांब नेऊन ठेवलंस. आता हे मला आधी कुणी सांगायला नको का? रंगवणारा तरी बोलला असता. तोंडात ब्रश धरून असतात ही माणसं.

समोर जाळीवाल्यानं आकडाच पुसला आणि नुसतं लिहिलं, काकांचा विद्यार्थी. काय तरी बाई लबाडी.

२३ मार्च, दुपारी

सुचलं. एकदम सुचलं, भाजी करपली पण सुचलं.

लेक आणि जाळीवाला दोघंही विकतचे काळे पोशाख घालतात. बाईंना खरं दाखवायचं तर ह्यांचा खरा पोशाख दाखवायला हवा. हे सराव नेहमी निळ्या रेघांच्या पायजम्यात करायचे. तो मी ट्रंकेत जपलाय. लेक तो घालून उभा राहिला की चौतिसाव्या पिढीचं वस्त्र पस्तिसाव्या पिढीच्या अंगावर. जाळीवाल्याकडे काय आहे? जाळी.

पायजमे मीच शिवायचे. मिलचं कापड रुंद यायचं, ते कापून वाया घालवायचं कशाला. एक माप मोठाच शिवायचे, म्हटलं पुरुष माणूस वयाबरोबर भरतो. हे भरले नाहीत, तो माझ्या शिवणाचा दोष नव्हे. नाडीही घालायचे नाही, ह्यांना गाठ सुटायची नाही. इलॅस्टिक घालायचे, एकाचं उभं चिरून दोन पायजम्यांत पुरवून. हे कधी एका शब्दानं बोलले नाहीत. असा माणूस होणे नाही.

लेकाला सांगितलं नाही. त्या दिवशीच सांगेन, म्हणजे नाही म्हणायला वेळ उरणार नाही.

२८ मार्च, संध्याकाळी ७

झालं ते क्रमानं लिहिते. म्हणजे उद्या कुणी वाकडं सांगायला नको.

हॉल गच्च भरला होता. इस्त्रीवाला, दूधवाला, औषधाच्या दुकानातली दोघं, सगळे आले होते. यांना कुणी कळवलं देव जाणे. जपानच्या बाई म्हणजे पांढऱ्या केसांची काडी. खुर्ची दिली तर खाली गादीवर बसल्या, गादी दाबून बघितली. भाऊ तिथेच खूश झाला. बरोबर एक दुभाषी पोरगी होती.

आधी जाळीवाल्याची मुलं, मग आमची. हात वर, हात बाजूला, वाकणं, उड्या, गिरकी. आणि मधे मधे गुप्त हात. दोन्हीकडे सारखाच. बाईंनी विचारलं, बाकी कळलं, हा डावा हात कमरेला कशाला? लेक म्हणाला, पातं. जाळीवाला म्हणाला, श्वास. लेक म्हणाला, तुला कुणी सांगितलं. तो म्हणाला, काकांनी. लेक म्हणाला, माझ्या वडिलांनी तुला बेंबी सांगितली आणि मला पातं? तो म्हणाला, तू जागा असतास तर ऐकलं असतंस. मुलं श्वास धरून ऐकत होती. आता दोघं गुद्द्यांवर येणार असं दिसलं, तेव्हा मी उठले आणि पिशवीतून पायजमा काढला.

लेक नको म्हणाला. डोळ्यांनी पण नको म्हणाला. मी म्हटलं, बापाच्या कपड्यांची लाज वाटते का रे? मुकाट्यानं मागे गेला आणि घालून आला. निळ्या रेघा. क्षणभर मला वाटलं, हेच आले. 

त्यानं हात वर केले. पायजमा घसरला. डावा हात झटकन कमरेला गेला, पायजमा वर. तो बाजूला वाकला. पायजमा घसरला. डावा हात कमरेला. उडी मारली. डावा हात कमरेला, या वेळी जरा उशिरा.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. सूनबाईचा आवाज मी ओळखते. मग इस्त्रीवाला, मग मुलं, मग भाऊ तर गादीवर आडवाच झाला. लेक तसाच उभा होता, मुठीत पायजमा धरून. जाळीवाला हसला नाही. तो नुसता आपल्या डाव्या हाताकडे बघत होता.

बाई हसल्या नाहीत, पण तोंडावर रुमाल धरला होता. मग दुभाषी म्हणाली, बाई सांगतात, उरलेलं सगळं त्या ओळखतात. त्यांच्याकडे शाळेत मुलं सकाळी रेडिओ लावून ही कवायत करतात. त्याही करायच्या. आणि त्या उठल्या आणि करूनच दाखवली. हात वर, बाजूला, वाकणं, उड्या, गिरकी. आमच्याच क्रमानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फक्त हात कमरेला नेला नाही.

पाटी कुणालाच नाही.

जाताना बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाल्या. दुभाषी तोवर जिना उतरली होती. कौतुकच असणार.

२९ मार्च

चूक इलॅस्टिकची. ट्रंकेत उष्णतेनं सैल पडलं. ह्यांच्या वेळी ते असं नव्हतंच. आणि त्या बाई तरी खऱ्या कशावरून? खरी निंजा कवायत येते म्हणून कबूल करील का? ती लपवील. म्हणजे त्यांनी ज्या अर्थी कबूल केलं, त्या अर्थी त्याच खोट्या. हे लेकाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, आई, पुरे.

सकाळीच फोम आला. दोन हमालांनी वर चढवला.

दुपारी जाळीवाला घरी आला. मी दार उघडून उभीच राहिले, या म्हटलं नाही. तो म्हणाला, काकू, काका वर्षभर रोज माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन गच्चीवर यायचे. मला कधी कुणी काही शिकवलं नव्हतं हो. मग आत येऊन स्वयंपाकघरातली फाटलेली जाळी बघितली, खिशातून स्क्रू काढले, नवी बसवली आणि चहा न घेता गेला. त्याचा क्लासही बंद.

ढोंगी. जाळी मात्र चांगली बसवतो.

६ एप्रिल, दुपार

लेक पुन्हा खाली मामाच्या दुकानात. आज डबा विसरून गेला. म्हटलं आपणच न्यावा, आणि अजिबात पाऊल न वाजवता जावं, म्हणजे तो दचकेल आणि त्याला पटेल की घराण्यात विद्या आहे. भर रस्त्यातून गेले, कुणाला चाहूल नाही.

दारातून बघितलं. तो पाठमोरा होता, चवडीवरून वरची गादी ओढत होता. गिऱ्हाईक बाजूला उभं होतं. लेकाची पँट घट्ट, वर चामड्याचा पट्टा आवळलेला. गादी ओढायच्या आधी त्याचा डावा हात झटकन कमरेला गेला आणि परत आला. गादी खाली उतरवली. पुन्हा हात कमरेला. पट्ट्यावरून नुसताच फिरला, उचलायला काही नव्हतं. मग दुसरी गादी.

अगदी ह्यांच्यासारखा. तसाच अंगठा आत, बाकी बोटं बाहेर. हे त्याला क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मी डबा धरून उभी राहिले, किती वेळ ते कळलं नाही.

मागे न बघताच तो म्हणाला, आई, डबा काउंटरवर ठेव आणि बस जरा. औषधाच्या दुकानापासून तुझ्या चपला ऐकू येतायत.

चपला नव्या आहेत, म्हणून.