नऊ कोपऱ्यांचं तळं आणि इवाईबुवांचा रुसवा

झरी, सोमवार

चि. भागवतास,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? मानवतच्या बाजारात कापसाची गाडी आली की तू अजून स्वतः वर चढून बघतोस असं ऐकलं; आता बस कर. आम्ही दोघं डोंगर, जंगलं अन् तळी बघून धडधाकट परतलो. (तुझी वहिनी दोन किलोनं वाढून आली, पण हे मी लिहिलं असं तिला सांगू नकोस.) फोनवरच सांगितलं असतं, पण तू 'हां हां' करतोस अन् मधेच ठेवून देतोस. कागदाला तशी सोय नाही.

तुला ठाऊकच आहे, आपल्या महारुद्राच्या लग्नात त्याचे सासरे, म्हणजे माझे व्याही, पाथरीचे राधाकिशनराव रुसले ते रुसलेच. चार वर्षं आपल्या उंबऱ्याला त्यांचा पाय नाही. कशावर रुसले ते विचारायची सोय नाही. रुसलेल्या इवायाला कारण विचारणं म्हणजे दुसरा अपमान. त्यांचा फेटा माझ्यापेक्षा हातभर आखूड निघाला होता, म्हणून आपण सगळ्यांनी बिल फेट्यावर फाडलं. तोवर नातवाला तिसरं वर्ष लागलं. जावळ काढायचं तर लेकरू मामाच्या मांडीवर बसावं लागतं, अन् बाप आल्याबिगर मामा येईना. लेकराचे केस खांद्याला लागले. सूनबाई प्रियांका रोज त्याच्या दोन वेण्या घालते अन् घालता घालता डोळे पुसते. हे वर्ष हुकलं की गोष्ट पाचव्यावर गेली (जावळाला विषम वर्षच लागतं), तोवर वेणी कमरेला आली असती. म्हणून महारुद्रानं डोकं लढवलं अन् आम्हा चौघा म्हाताऱ्यांची उत्तराखंडाची तिकिटं काढली. रुसवा आपल्या उंबऱ्यापुरता आहे, हिमालय त्यात येत नाही, असं इहीणबाईंनी, म्हणजे केशरबाईंनी, नवऱ्याला पटवलं म्हणे.

आता ऐक. रुसलेला माणूस मान दुप्पट देतो, हे मला रेल्वेतच कळलं. "इवाईबुवा, खाली तुमी झोपा." "छे छे, खाली तुमीच." असं करता करता दोघंही वरच्या फळ्यांवर चढलो अन् खालच्या फळीवर रात्रभर आमच्या दोन पिशव्या आडव्या झोपल्या. हरिद्वारजवळच्या राजाजीच्या जंगलात जीपमध्ये पुढं कुणी बसायचं यावर फाटकातच इतका वेळ गेला, की मागून आलेल्या चार जीपा पुढं निघून गेल्या अन् हत्तींचा कळप त्यांनी बघितला. आम्ही शेण बघितलं. (शेण मात्र नामी होतं. आपल्या वावरात एक ट्रॉली पडलं तर काय ऊस येईल!) पुढं कॉर्बेटच्या जंगलात वाटाड्यानं बोट केलं अन् दुर्बीण पुढं धरली. मी म्हटलं, "आधी तुमी बघा." ते म्हणाले, "न्हाई न्हाई, तुमी वडील." मी म्हटलं, "वयानं असंन, मानानं तुमी." दुर्बीण चारदा इकडून तिकडं गेली अन् वाघ एकदाच, तोही इकडून तिकडं. बायकांनी नुसत्या डोळ्यांनी शेपटीच्या टोकापर्यंत बघितला. तुझी वहिनी आता गावभर वाघ सांगायलीय अन् मी शेजारी बसून मान हलवायलोय.

पण भागवता, मुलूख लय देखणा! नैनिताल सोडून वर गेलो की बर्फाचे डोंगर दिसतात, जशी सरकी काढलेल्या कापसाची गंजी आभाळाला टेकवून ठेवावी. तळ्याचं पाणी हिरवंगार. तुझी वहिनी म्हणाली, इथं कुणीतरी रोज पालक धुवायलंय.

नौकुचियाताल म्हणून तळं आहे, त्याला नऊ कोपरे, अन् म्हणे नऊही एकदम दिसत नाहीत. धोतरावर नारिंगी फुगीर जाकीट घालून आम्ही नावेत चढलो. तळ्याच्या मधोमध मला वाटलं माझी जागा चांगली, मी उठलो, "इवाईबुवा, हिकडं या." तेही उठले, "बसा, बसा!" नाव अशी कलंडली की नावाड्यानं वल्हं टाकून देवाचं नाव घेतलं. वहिनी ओरडली, "बसा की गप दोघंबी! मानपान काठावर ठिवून यायचं हुतं!" इवाईबुवांनी माझा हात गच्च धरला (पाण्याला लय भितात, हे मला त्या दिवशी कळलं), डोळे मिटले अन् मरायच्या आधी बोलून घ्यावं तसं बोलले, "तात्याराव, मी फेट्यावर रुसलो न्हाई हो. पंगतीत तुमचा भागवत बालूशाही घिऊन आला. मी नको म्हनलो. अन् तो खरंच पुढं गेला!"

भागवता, चार वर्षं! एका बालूशाहीपायी लेकराच्या वेण्या! मी हसलो, ते हसले, नाव पुन्हा हलायला लागली अन् नावाड्यानं पुन्हा देव आठवला. काठाला लागेस्तोवर जावळ ठरलं. येता रविवार सोडून पुढचा, आपल्याच अंगणात. मामा येतोय, इवाई येताहेत. प्रियांका कालपासून गाणं म्हणत भाकरी थापायलीय.

तुझा दादा,
तात्याराव

ता. क. : रविवारी वाढायला तूच हवास. तशी अटच आहे. ते ताटावर आडवा हात धरतील, 'जीव घ्याल का माझा' म्हणतील, तरी हटू नकोस. शपथा घाल, पाया पड.

पुन्हा ता. क. : आत्ताच केशरबाईंचा वहिनीला फोन आला. डॉक्टरांनी इवाईबुवांना साखर सांगितलीय, गोडाचा कण चालायचा नाही. तरी आग्रहात कसर नको. बालूशाही त्यांच्या तोंडापर्यंत ने. अन् त्यांनी चुकून 'बरं, वाढा' म्हटलंच, तर पुढं निघून जा. ते तुला चांगलं जमतं.